तिसऱ्या संध्याकाळची खुर्ची

लोक जहाजावर समुद्र बघायला येतात, असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. मी नऊ वर्षं जहाजाच्या डायनिंग हॉलमध्ये काढली आहेत. माझं मत विचाराल तर लोक आपल्या शेजारी कोण बसवलंय आणि पलीकडच्या टेबलावर कोण हसतंय, हे बघायला येतात. समुद्राकडे पाठ करून बसलेली माणसं मी हजारांनी पाहिली आहेत.

नवरा-बायको दोघंच असतील तर काही प्रश्न नसतो. खिडकीजवळचं टेबल दिलं की स्वारी खूश. कटकट असते ती मोठ्या गटांची. वीस, पंचवीस, तीस माणसं. कुणाच्या लग्नाला पन्नास वर्षं झालेली, कुणी नोकरीतून निवृत्त झालेलं. सगळ्यांना एकत्र बसायचं असतं आणि आमचं सगळ्यात मोठं टेबल दहाजणांचं. म्हणजे शेजारी शेजारी तीन टेबलं करा. तीन टेबलं केली की पहिल्यावर कोण आणि तिसऱ्यावर कोण, यावरून रुसवेफुगवे. पहिल्या संध्याकाळी मिळालेली जागा शेवटपर्यंत राहते, हा आमचा नियम. त्यामुळे तिसऱ्या टेबलावर पडलेली एखादी जाऊबाई सात दिवस फुरंगटून बसते आणि सूप गार आहे म्हणून आम्हालाच ऐकवते.

हे सगळं निस्तरणारा माणूस म्हणजे मामा. त्यांचं काम फक्त मांडणीचं: कोणता गट कुठे, कोणतं माणूस कोणत्या खुर्चीत. सडपातळ, उंच, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा, कानावर पेन्सिल. लग्न केलं नव्हतं. किनाऱ्यावर एक बहीण होती, तिची मुलं त्यांना मामा म्हणायची, म्हणून अख्खं जहाज मामा म्हणायचं. धुलाईखात्यातले लोक मागून ‘खुर्चीमामा’ म्हणायचे आणि त्यांना ते ठाऊक होतं.

त्यांच्याकडे हिरव्या कापडाचा एक फळा होता. त्यावर टेबलांची वर्तुळं रंगवलेली. प्रत्येक पाहुण्याच्या नावाची बोटभर चिठ्ठी ते स्वतःच्या हातानं लिहायचे आणि टाचणीनं जागेवर लावायचे. कॉम्प्युटरवर हेच काम चार मिनिटांत होतं, हे मी पहिल्याच आठवड्यात त्यांना ऐकवलं. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं.

“कॉम्प्युटरनं त्यांना चढताना बघितलंय का?” मामा म्हणाले.

कारण मामा बघायचे. जहाज भरायच्या दिवशी दुपारी ते धक्क्यावरून जहाजावर यायच्या पुलाच्या टोकाशी उभे राहायचे आणि गट वर येताना टक लावून पाहायचे. कोण कुणाची बॅग उचलतं, कोण कुणाशी बोलणं टाळतं, कुणाचा हात कुणाच्या पाठीवर आहे. अर्ध्या तासात त्यांना त्या घराची जी माहिती व्हायची ती त्या घरातल्या सुनांनाही नसावी. मला त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली.

“सगळ्यात शेवटी कोण चालतंय ते बघ. त्या माणसाला मधली खुर्ची द्यायची. दोन्ही बाजूंना बडबडी माणसं. कोपरा द्यायचा नाही, दाराजवळ तर मुळीच नाही.”

“का पण?”

“शेवटच्या माणसाकडे कुणी मागे वळून बघत नाही गं.”

मला ही म्हाताऱ्या माणसाची लहर वाटली. त्यांच्या लहरी बऱ्याच होत्या. जेवायला बसले की आधी गरम पाण्याचा ग्लास, त्यावर बशी झाकलेली. तो संपल्याशिवाय घास नाही. पण ज्या लहरीवरून आमची भांडणं झाली ती वेगळीच. एखादा पाहुणा जेवायला आला नाही तर त्याची खुर्ची हलवायची नाही. दहाच्या टेबलावर नऊ बसलेत, फोटो काढताना मध्ये भोक दिसतंय, पाहुणे स्वतः म्हणतायत की काढा हो ती, आम्हाला कोपरं टेकायला जागा होईल. तरी मामा ऐकायचे नाहीत. हात मागे बांधून उभे. खुर्ची तिथेच.

आणि दर सफरीच्या तिसऱ्या संध्याकाळी ते आणखी एक विचित्र काम करायचे. फळ्यावरून सगळ्यात मोठ्या गटाच्या चिठ्ठ्या काढून मुठीत घ्यायचे आणि त्यांच्या टेबलांभोवती फिरायचे. एक चिठ्ठी, एक चेहरा. चेहरा नसला तर माणूस कुठे आहे ते विचारायचे, आणि नीट उत्तर मिळालं नाही तर वेटरला केबिनचं दार ठोठावायला पाठवायचे. एकदा एका गृहस्थांना असं आंघोळीतून बाहेर काढलं. ते टॉवेल गुंडाळून तक्रार करायला आले होते. मॅनेजरसाहेबांनी कपाळाला हात लावला.

त्या दिवशी मी चिडून म्हटलं, “मामा, माणसं मोजायचीच असतील तर लांबून मोजा. खुर्च्या भरल्यात की नाही एवढंच तर बघायचं.”

मामांनी हातातला नॅपकिन घडी करून ठेवला. मग त्यांनी सांगितलं.

मी यायच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. एकतीस जणांचा गट होता, चार टेबलं. सगळ्यात शेवटून चढली ती एक आजी, राखाडी शाल, हातात विणकामाची पिशवी. मामांनी तिला दाराजवळचा कोपरा दिला. म्हातारं माणूस, उठाबसायला बरं पडेल, असा चांगला विचार करून दिला. दोन संध्याकाळी ती मान खाली घालून विणत बसलेली त्यांनी पाहिली. जेवणही निम्मंच. तिसऱ्या संध्याकाळी ती आली नाही. सुनेला वाटलं सासूबाई मुलाच्या टेबलावर आहेत. मुलाला वाटलं आई नातवंडांत बसली असेल. नातवंडांना काहीच वाटलं नाही. मामांना ती रिकामी खुर्ची खुपली. टेबल तोंडातला दात पडल्यासारखं दिसत होतं, म्हणून त्यांनी ती उचलली, बाकीच्यांना थोडं थोडं सरकवलं, फुलदाणी मध्ये आणली. टेबल इतकं सुरेख दिसलं की मॅनेजरनी पाठ थोपटली.

“पुढचे चार दिवस मी ते टेबल तसंच मांडलं,” मामा म्हणाले. “शेवटच्या सकाळी बॅगा उतरवताना एक बॅग उरली. तेव्हा विचारलं त्यांनी, आई कुठे आहे म्हणून.”

आजी सापडली नाही. चौकशी झाली. कठडे तपासले, दारं तपासली, कॅमेरे तपासले. मामांचा जबाबही घेतला, पण खुर्चीबद्दल कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं ते काही नव्हतंच.

“ती खुर्ची तिथे असती ना,” मामा म्हणाले, “तर त्या संध्याकाळीच कुणीतरी विचारलं असतं. रिकामी खुर्ची विचारायला लावते. मी ती उचलली.”

मला फार वाईट वाटलं. तरुण माणसाला वाटतं तसं, म्हणजे दोन दिवस. मग पुन्हा मी माझ्या घाईत.

त्यानंतर वर्षभरानं मी जे पाहिलं ते सांगते. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

सव्वीस जणांचा गट होता. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एका काकांचा पाय मुरगळला. ते दुपारीच येऊन सांगून गेले की जेवण खोलीत पाठवा. म्हणजे संध्याकाळी पंचवीस माणसं आणि एक खुर्ची रिकामी. मी काउंटरवरून सहज मोजलं. सव्वीस. पुन्हा मोजलं, या वेळी बोट नाचवत. सव्वीस, एकही खुर्ची रिकामी नाही. काका लंगडत आले असतील म्हणून मी त्यांच्या जागेकडे पाहिलं. तिथे कुणीतरी होतं. मान खाली, खांद्यावर काहीतरी राखाडी. शेजारची बाई त्या बाजूला कोपर जरा आवरून जेवत होती, आपण शेजाऱ्याला धक्का लागू नये म्हणून आवरतो तसं.

“मोजू नकोस,” मामा माझ्या कानाशी म्हणाले. “मोजलं की भरलेलंच दिसतं. चिठ्ठी घे आणि जा. ओळख.”

मी काकांची चिठ्ठी घेऊन निघाले. दहा पावलांचं अंतर. मध्ये एक वेटर सूपचा ट्रे घेऊन आडवा गेला आणि मी पोचले तेव्हा खुर्ची रिकामी होती. ओल्या लोकरीचा वास येत होता. ताटावर नॅपकिन ठेवलेला. त्याच्या कडेचे धागे उसवून काढलेले होते आणि दोन काट्यांनी, गोड खायच्या छोट्या काट्यांनी, त्या धाग्यांची एक ओळ विणलेली होती. टाके अगदी एकसारखे. काटे अजून त्यात अडकलेले होते.

मामांनी शांतपणे काटे सोडवले, नॅपकिन घडी करून खिशात ठेवला. त्यांच्या केबिनमधल्या खणात असे शेकडो नॅपकिन होते. धुलाईखातं दर सफरीला एक नॅपकिन कमी म्हणून ओरडायचं, त्याचा हा उलगडा.

“त्रास द्यायला येत नाही ती,” मामा मला म्हणाले. मी तोपर्यंत स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी होते. “जागा रिकामी दिसून कुणाच्या जेवणात व्यत्यय नको, म्हणून बसते. जन्मभर तेच केलं असणार बिचारीनं, दुसऱ्यांची सोय बघितली. पण ती बसली की खुर्ची भरलेली दिसते, आणि मग खरं माणूस कुठे आहे ते कुणी विचारत नाही. म्हणून चिठ्ठ्या. कळलं?”

मला कळलं. म्हणजे मला वाटलं की कळलं.

मग एक वर्ष असं आलं की मामांची निवृत्ती ठरली. निरोपाचं जेवण दुपारी साडेतीनला ठेवलं, पाहुण्यांचं दुपारचं संपून रात्रीची मांडामांड सुरू व्हायच्या आधी. डायनिंग हॉलमध्येच, पाहुण्यांच्या टेबलावर, काचेच्या ग्लासांत. आम्ही वीसजण, दहाची दोन टेबलं. मांडणी अर्थात माझी. मामांना मी बरोबर मधली जागा दिली, एका बाजूला पाव भाजणारा भट्टीवाला, दुसऱ्या बाजूला धुलाईखात्यातली मोठ्या आवाजाची बाई. दोघं बोलायला लागले की कान किटतात. गरम पाण्याचा ग्लास बशी झाकून मी स्वतः ठेवला. चिठ्ठ्या मात्र लिहिल्या नाहीत. आपल्याच माणसांना चिठ्ठ्या कसल्या लिहायच्या?

सगळे गडबडीत येत होते, कुणी अ‍ॅप्रन सोडत, कुणी हात पुसत. मी दाराशी उभी राहून लांबूनच पाहिलं. माझी धरून वीस खुर्च्या, वीस माणसं. माझी छाती अभिमानानं फुगली. मॅनेजरसाहेब भाषणाला उठले. ते मामांकडे वळून वळून बोलत होते. टॉवेलवाल्या गृहस्थांचा किस्सा सांगितला तेव्हा हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. भट्टीवाला आजही शपथेवर सांगतो की मामा त्याच्या शेजारी बसले होते. लाजले होते, मान वर करत नव्हते, डोळ्यांना नॅपकिन लावत होते. धुलाईवाल्या बाईनं तर त्यांच्या पाठीवर थाप मारली. हाताला गार लागलं, एवढंच तिला आठवतं.

मीही मामांना पाहिलं. खोटं कशाला बोलू. मला दिसलं की मामा बसलेत.

भाषण वीस मिनिटं चाललं. मग माझं लक्ष त्या ग्लासाकडे गेलं. बशी तशीच झाकलेली. वाफ धरून बशीच्या कडेला थेंब जमले होते आणि तेही आता थांबले होते. मामांनी पाणी प्यायलं नव्हतं. सूप येऊन गेलं, पाव फिरला, सगळे हसले, आणि मामांनी पाण्याला हात लावला नव्हता.

मी उठले. चिठ्ठ्या नव्हत्या, म्हणून बोटांवर एकेकाचं नाव घेत टेबलाभोवती चालायला लागले. लोकांना वाटलं मी काही गंमत करतेय, ते टाळ्या वाजवायला लागले. भट्टीवाल्यापर्यंत आले, आणि पुढची खुर्ची रिकामी होती. ओल्या लोकरीचा वास. ताटावर नॅपकिन, त्याला विणीची एक ओळ.

टाळ्या एकदम थांबल्या.

सॅलड कापणारा मग सांगू लागला की त्यानं मामांना दारात बघितलं होतं, सव्वातीनला. त्यांनी आत नजर टाकली, खुर्च्यांकडे बघितलं, “एक कमी आहे” असं पुटपुटले आणि मागे वळले. कुणाची खुर्ची कमी होती ते मला लगेच कळलं. निरोपाच्या माझ्या मांडणीत आजीची खुर्ची नव्हती. आपल्या निरोपाला तिलाही जागा हवी, म्हणून मामा ती आणायला गेले होते.

जादा खुर्च्यांची खोली खालच्या मजल्यावर आहे, तिथे जायला उभा लोखंडी जिना. मामा जिन्याच्या पायथ्याशी पडले होते, खुर्ची अंगावर. एक हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर बराच वेळ शुद्ध असावी. हाका मारल्या असतील. वर हसण्याचा आवाज होता, ऐकू कुठून येणार. आधी कळलं असतं तर वाचले असते, एवढं म्हणून त्यांनी बॅग बंद केली.

मला रडताही येईना. बारा वर्षांपूर्वी त्यांनी केलेली चूक त्यांनी मला रोज, दर सफरीला, हाताला धरून दाखवली होती, आणि त्यांच्याच वाट्याला मी ती पुन्हा केली. मी मोजलं, आणि भरलेलं दिसलं म्हणून खूश झाले. आजीचा तर मला इतका राग आला की मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन तो नॅपकिनचा खण जमिनीवर ओतला. मग एकेक करून सगळे परत घडी घातले.

फळा माझ्याकडे आला. पुढच्याच सफरीला अठ्ठावीस जणांचा गट होता. मी पुलाच्या टोकाशी उभी राहिले. सगळ्यात शेवटी चढली ती त्यांची ताई, चाळिशी उलटलेली, दोन्ही खांद्यांवर दुसऱ्यांच्या बॅगा, गळ्यात दुसऱ्याच्या मुलाची पाण्याची बाटली. पुढे सगळे गप्पा मारत चालले होते. मी तिला मधली खुर्ची दिली. शिवाय एक खुर्ची माझ्या काउंटरजवळच्या खांबाशी मांडली, नॅपकिन आणि ग्लासासह. साहेबांनी विचारलं, ही कुणासाठी? मी म्हटलं, आमच्या पाहुण्या आहेत.

तिसऱ्या संध्याकाळी लांबून बघितलं तेव्हा अठ्ठावीस खुर्च्या भरलेल्या होत्या. मी चिठ्ठ्या घेऊन निघाले. पहिलं टेबल झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या मध्यावर राखाडी शाल. मी वेटरला तिथूनच ताईच्या केबिनकडे पिटाळलं. ताई न्हाणीघरात घसरून पडली होती, पाय मोडला होता, दाराची कडी आतून लावलेली. तासभर ती हळू आवाजात हाका मारत होती. फार मोठ्यानं नाही, शेजारच्या खोलीत बाळ झोपलं असेल म्हणून. तिला वेळेवर काढलं, आज ती धडधाकट आहे. पण ते सगळं नंतर कळलं.

तेव्हा मी त्या खुर्चीमागे उभी होते. या वेळी मध्ये कुणी ट्रे घेऊन गेलं नाही. शाल हलली नाही. मांडीवर दोन काटे चालत होते, टिकटिक आवाज करत. राग अजून होताच, आणि त्या रागानंच मला उभं ठेवलं. मी वाकले आणि तिच्या कानाशी म्हणाले:

“आजी, उठा. तुमची खुर्ची तिकडे खांबापाशी आहे, तुमच्यासाठी मांडलीय. ही ताईची आहे. रिकामी दिसू द्या.”

काटे थांबले. माझ्या गालाला गार हवा लागून गेली. समोरची खुर्ची रिकामी झाली.

टेबलावर हसणं चालूच होतं. भावानं पाव मागितला. वहिनीनं मुलाचं तोंड पुसलं. मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. मग पलीकडून एका सहा-सात वर्षांच्या पोरीनं चमचा खाली ठेवला आणि त्या खुर्चीकडे बघितलं.

“ताईआत्या कुठाय?”

भाऊ वळला. वहिनी वळली. “अगं, तुझ्याकडे नाही का?” “मला वाटलं तुमच्याकडे.” तिन्ही टेबलांभोवतीच्या खुर्च्या एकदम मागे सरकल्या, फरशीवर केवढा तरी आवाज झाला, आणि माणसं तिचं नाव घेत दाराकडे धावली.

मी खांबाकडे पाहिलं. आजी तिथे बसली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं मान वर केली होती आणि ती त्या दाराकडे बघत होती.